महाराजांच्या टोपलीतली अंडी

बेडश्याच्या देवळासमोर सकाळपासून रांग लागली होती आणि प्रत्येकाच्या हातात रिकामा पेला होता. औषध महाराजांचं, पेला आपला. जत्रेच्या जेवणानंतर अकरा घरांत उलट्या, जुलाब आणि ताप शिरला, पाठोपाठ प्रदीप महाराज शिरले. गेल्या वर्षापर्यंत ते वराळ्याला प्लॉट विकून देत. आता ते थेट देवीशी बोलत. धंदा एजंटाचाच, फक्त मालक बदलला होता.

महाराज टोपलीतलं कुंकू लावलेलं अंडं उचलत, रोग्यावरून ओवाळत आणि ताटलीत फोडत. बलकातून काळा दोरा निघे.

"करणी!" महाराज गरजत. "उतारा एकच. मंतरलेलं कच्चं अंडं, दूध-हळदीतून, पाच दिवस!"

रखमाजी गुरुजी रांगेच्या कडेला उभे होते. चाळीस वर्षं पोरांना शिकवल्यामुळे त्यांना सहसा घाई होत नसे. आज मात्र होत होती. समोर सविताच्या खांद्यावर चार वर्षांच्या ईश्वरीने मान टाकली होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले.

"सविता, पोर लघवीला कधी गेली?"

"काल सांजच्याला, गुर्जी."

"मग इथं काय करतेस? दवाखान्यात ने."

"सासूबाई न्हाई म्हंत्यात. सुई टोचली की देवी कोपंल, असं महाराज बोललं."

गुरुजी सरळ टोपलीपाशी गेले. "महाराज, एक अंडं तुमच्यावरून ओवाळू?"

"माझ्यावर कोण करणी करणार?"

"तेच बघू." गुरुजींनी ओवाळलं, फोडलं. काळा दोरा!

"अगं बाई, म्हाराजबी बाधलं!" रांगेतली आंबूबाई ओरडली.

बोळक्या तोंडाचा केरबा हसला. "म्हाराज, पेला घिऊन रांगंला लागा की!"

गुरुजींनी दुसऱ्या अंड्यावरचं कुंकू ओल्या अंगठ्याने पुसलं. खाली बारीक भोक, त्यात मेण.

"दाभणानं भोक पाडायचं, दोरा सारायचा, मेण लावायचं, वर कुंकू. माझ्या चौथीतल्या पोरांनाही जमेल."

"मंग आमी आजारी कशानं पडलो?" आंबूबाई हटेना. "मी माळकरी. कोंबडीला शिवले न्हाई. भाकरी आन् कोशिंबीर खाल्ली, बास."

"आणि केरबा, तू?"

"कोशिंबिरीला दात कुटं हायेत, गुर्जी? चार वाट्या रस्सा वरपला. ठणठणीत हाय."

"ऐकलंत? कोंबड्या देवीच्या ठोकळ्यावर कापल्या. धुतला तर बरकत जाते म्हणून जत्रेदिवशी आपण तो धूत नाही. त्याच्यावरच काकडी चिरली. आजाऱ्यांच्या शौचाचे नमुने आरोग्य केंद्राने नेले होते ना? सकाळी नर्सबाईंचा फोन आला. त्यात साल्मोनेला नावाचा जंतू सापडलाय. तो कोंबडीच्या आतड्यात राहतो. रस्स्यात उकळून मेला, काकडीवर जगला. कच्च्या अंड्यातही असू शकतो. म्हणजे महाराज रोगावर उतारा म्हणून रोगच पाजत असतील."

महाराज टोपली आवरू लागले. देवीने त्यांना बहुधा तातडीने दुसऱ्या गावी बोलावलं होतं.

सविताची सासू नंदाबाई हातातल्या पेल्याकडे बघत राहिली. "दोन दिस म्याच पाजलं तिला," ती पुटपुटली. मग पेला तिथंच उपडा केला. "टेम्पो काढा रं कुनीतरी! सविते, चल!"

कामशेतच्या दवाखान्यात ईश्वरीला तीन दिवस सलाईन लागलं. "संध्याकाळ केली असती तर आमच्या हातात काही उरलं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. चौथ्या दिवशी पोरीने मऊ भात मागितला.

गावात परतल्यावर बायका नंदाबाईभोवती जमल्या. गुरुजी बोलायला उठले, पण तिने त्यांना हातानंच बसवलं.

"ऐका गं. कोंबडी कापली की ठोकळा, सुरी, हात साबनानं धुवा. कोशिंबिरीला येगळा पाट घ्या. अंडं पुरतं शिजवा. आन् लेकरू मलूल पडलं तर आदी गाडी काढा. देवीला हात जोडायचं ते गाडीत बसून जोडा. तिला चालतंय."