सव्वीस मिनिटं पुढे

बाराचा भोंगा वाजला तेव्हा भंगाराच्या अड्ड्यावर एकशे चाळीस माणसं डावं मनगट पुढे धरून ओळीने उभी होती, आणि वजनकाट्याच्या चौथऱ्यावर घटिकाबाबा डोळे मिटून बसले होते. अंगात काळा झगा, दाढी रंगवलेली, उजवा हात मोकळा आणि डावा कायम काळ्या मखमली पिशवीत. त्या हाताने म्हणे बाबांनी साक्षात मृत्यूचा हात धरला होता, आणि तो उघडा दिसला तर बघणाऱ्याचे डोळे जातात. आजवर कोणाचे गेले, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

नऊ दिवसांपूर्वी क्रेनच्या चुंबकाला लटकलेला दोन टनांचा पत्र्याचा गठ्ठा अचानक सुटला आणि खाली उभा असलेला एक लोडर जागच्या जागी चिरडला गेला. त्याला फावड्याने गोळा करावं लागलं होतं. माणसं खवळली. दोष कोणाचा, हे शोधण्यासाठी मॅनेजरसाहेबांनी इंजिनिअरला नाही, बाबांना बोलावलं.

बाबांची परीक्षा या अड्ड्यासाठीच जणू बेतलेली होती. इथे नोकरी पक्की झाली की कंपनी प्रत्येकाला किल्लीचं मनगटी घड्याळ देत असे. सकाळी सातच्या भोंग्याला सगळे एकदम किल्ली देत आणि गेटवरच्या मोठ्या घड्याळाशी काटे जुळवत. वर्षानुवर्षं हे चाललं होतं, आणि त्यातून एक समजूत पक्की झाली होती की ज्याचं घड्याळ चोख तो माणूस चोख. बाबांनी तीच उचलली.

"घड्याळ माणसानं बनवलं, पण वेळ कोणी बनवली?" सकाळी साडेसातला ते गरजले होते. "ज्याच्या हातून जीव गेला, त्याच्या आयुष्यातून तेवढी वेळ वजा होते. त्याचा काळ घाईला येतो. मी नुसता हात ठेवीन. बाराच्या भोंग्याला घड्याळंच बोलतील."

मग त्यांनी एकेकाचं मनगट हातात घेऊन मंत्र पुटपुटले होते. मंत्रात मध्येच ग्रहांची, मध्येच गिअरांची नावं येत होती, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

आता दुपारी घड्याळं वाचायचं काम गेटसमोरच्या टपरीतल्या घड्याळदुरुस्तीवाल्या ताईकडे आलं होतं. तिच्या वडिलांनंतर दुकान तीच चालवायची. अड्ड्यावरचं प्रत्येक घड्याळ तिच्या हाताखालून गेलेलं. ती ओळीने चालली होती आणि एकसुरी आवाजात सांगत होती. आठ सेकंद पुढे. बारा मागे. बरोबर. पंधरा पुढे. किल्लीच्या घड्याळाचा एवढा मागेपुढेपणा तिला रोजचा होता. हात गरम, किल्ली कमी, रात्री घड्याळ उताणं ठेवलं की पालथं, एवढ्या-तेवढ्यानेही त्यात फरक पडतो.

क्रेनवाल्यासमोर ती थांबली. क्रेनवाला तिचा धाकटा भाऊ होता. तिने त्याचं घड्याळ पाहिलं, गेटकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं.

"बोल, ताई," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

खोटं सांगावं असं तिच्या मनात येऊन गेलं. पण मागचे दोघे मान लांब करून डायलकडेच बघत होते.

"सव्वीस मिनिटं," ती म्हणाली. "सव्वीस मिनिटं पुढे."

पहिला फटका कातरवाल्याने मारला. भंगार कापायची मोठी कातर तो चालवत असे. मेलेला लोडर त्याचा सख्खा भाऊ होता. त्याची मूठ क्रेनवाल्या धाकट्याच्या जबड्यावर बसली तेव्हा ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला. धाकटा पडला आणि मग बूटच बूट. कोणीतरी त्याच्या डाव्या हातावर पहार टाकली. दोन बोटं वेडीवाकडी झाली. ताई मध्ये घुसली तर एका कोपराने तिचा ओठ फुटला आणि ती पत्र्यांवर जाऊन आदळली. कालपर्यंत तिच्या टपरीत बसून चहा पिणारी माणसं होती ती. त्यातला एक तर मारताना रडत होता.

बाबा सावकाश उठले, खाली आले आणि गर्दी शांत करायला वाकून पिशवीतला हात धाकट्याच्या डोक्याशी जमिनीवर टेकवला. म्हणाले, जीव घेऊ नका. ज्या हातावर काळ धावला तेवढाच हात काळाला द्या. पाचच्या भोंग्याला, कातरीखाली.

कोणी हसलं नाही. कोणी नकोही म्हटलं नाही. मॅनेजरसाहेब ऑफिसच्या खिडकीतून बघत होते. त्यांनी खिडकी लावून घेतली. धाकट्याला काट्याच्या खोलीत कोंडलं, आणि त्याचं घड्याळ कातरवाल्याने सुतळीत ओवून स्वतःच्या गळ्यात अडकवलं.

ताई टपरीत येऊन बसली. पोलिसांना फोन लावला. चौकीतून सांगितलं, गाडी बाहेर आहे, संध्याकाळी येईल. ओठातलं रक्त हनुवटीवरून टेबलावर टपटपत होतं. तिने ते पुसलं आणि विचार करायला लागली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

अकरा दिवसांपूर्वीच तिने ते घड्याळ उघडून साफ केलं होतं. दिवसाला बारा सेकंद पुढे जात होतं. तेल सुकलं असतं तर ते मागे पडलं असतं. आपटलं असतं तर काचेला ओरखडा असता, आणि मार तर मोजणीनंतर पडला. साडेचार तासांत सव्वीस मिनिटं, म्हणजे तासाला जवळजवळ सहा. एवढी धाव घड्याळ एकाच कारणाने घेतं. आतली केसाहून बारीक कमान, जिच्या श्वासावर घड्याळाची टिकटिक चालते, ती वेटोळ्यांची असते. तिची वेटोळी एकमेकांना चिकटली की कमान आखूड झाल्यासारखी वागते आणि चाक भराभर डुलायला लागतं. आणि पोलादी वेटोळी अशी चिकटवतं ते चुंबकच.

पण चुंबक होतं क्रेनला, आणि क्रेनची केबिन त्यापासून चांगली दूर.

मग तिला ती पिशवी आठवली. बाबांनी ती जमिनीवर टेकवली तेव्हा मखमल गुळगुळीत होती. उचलली तेव्हा तिच्यावर गंजाची काळी-तांबडी कुसळं उभी राहिली होती, आठवड्याच्या दाढीसारखी. अड्ड्याच्या मातीत निम्मा लोखंडाचा भुगा असतो. साधी धूळ कापडाला चिकटली तर सपाट बसते. ती ताठ उभी राहत नाही.

ती होकायंत्र, घड्याळाला लागलेलं चुंबकत्व उतरवायची कॉइल आणि वायर घेऊन निघाली तेव्हा पाचाला वीस कमी होते.

धाकट्याला आणलं होतं. त्याचा जबडा एका बाजूला सुजून लोंबत होता. कातर चालू होती. तिचं पातं रिकाम्या हवेत दर चार सेकंदांनी खाली येत होतं, आणि दर वेळी पायाखालची जमीन हादरत होती. धाकट्याचा डावा हात दोघांनी पत्र्यावर दाबून धरला होता.

ताई सरळ पुढे गेली आणि तिने स्वतःचा हात त्याच्या हाताशेजारी ठेवला.

"दादा, मला पंधरा मिनिटं दे," ती कातरवाल्याला म्हणाली. "माझं खोटं ठरलं तर दोन्ही हात काप."

कातरवाल्याने तिच्या मानेला पकडून तिचं डोकं पत्र्यावर दाबलं. कानाशी पातं येऊन आदळलं. तिला वाटलं, संपलं.

"भावासाठी काहीही बोलशील तू," तो म्हणाला.

"हो. तूही तेच करतोयस. म्हणून म्हणते, तुझ्या हाताने तपास."

त्याने बराच वेळ मान सोडली नाही. मग सोडली.

तिने पहारेकऱ्याचं लाकडी टेबल लोखंडापासून दूर, मोकळ्या जागी ओढायला लावलं आणि त्यावर होकायंत्र ठेवलं. म्हणाली, इथे एवढं भंगार आहे की सुई उत्तर दिशा दाखवणार नाही, पण एका जागी थांबेल. आपल्याला फक्त ती हलते का ते बघायचंय. कातरवाल्याने आपलं घड्याळ जवळ नेलं. सुई जेमतेम थरथरली. गळ्यातलं घड्याळ नेलं तर सुई गरकन वळून त्याच्या मागे लागली.

"याला चुंबक लागलंय," ती म्हणाली.

"लागणारच," बाबा चौथऱ्यावरून शांतपणे म्हणाले. "रक्तात लोह असतं. पापी रक्त लोहाला ओढतं. विज्ञानही तेच सांगतं."

माणसांनी माना डोलावल्या. मागून कोणीतरी म्हणालं की चुंबकाने घड्याळ बंद पडतं, पळत नाही. म्हणून तर लोडर आपली घड्याळं गेटवरच्या फळीवर टांगून आत जातात. ताईने मान्य केलं. जोरदार चुंबकाजवळ बंदच पडतं, म्हणाली. पण थोडं लागून राहिलं तर पळतं, आणि ते तुम्ही कधी पाहिलं नाही, कारण तुम्ही घड्याळं टांगून जाता.

मग ती कातरवाल्याकडे वळली. "दादा, तुझ्या हातून कोणी मेलंय?"

"जीभ सांभाळ."

"नाही ना? मग बाबांना तुझ्या मनगटावर हात ठेवू दे. डावा."

बाबांनी ताबडतोब उजवा हात पुढे केला. कातरवाला त्या हाताकडे बघत राहिला. सकाळी आपल्यावर उजवाच ठेवला होता आणि क्रेनवाल्यावर डावा, हे त्याला आठवत असावं.

"डावा," तो म्हणाला.

बाबा सांगू लागले की दुःखी माणसाला तो हात सोसत नाही, दिवस चांगला नाही, सूर्य कलला आहे. कातरवाल्याने त्यांना झग्याला धरून चौथऱ्यावरून खाली ओढलं, गेटच्या घड्याळाशी सेकंदकाटा जुळवला, आणि मखमली पिशवी स्वतःच्या मनगटावर आवळून धरली. वीस आकडे मोजून सोडली.

"आता थांबायचं," ताई म्हणाली. "दहा मिनिटं. मला विचारू नका, काट्याला विचारा."

दहा मिनिटं एकशे चाळीस माणसं काट्याकडे बघत उभी राहिली. पातं येत-जात होतं. पाचचा भोंगा वाजला तरी कोणी हललं नाही. धाकट्याला धरणाऱ्यांचे हात कधी सैल पडले ते त्यांनाही कळलं नाही. तिसऱ्या मिनिटाला कातरवाल्याने घड्याळ कानाला लावलं. टिकटिक इतकी घाईची होती की त्याने ते झटकून दूर धरलं. दहाव्या मिनिटाला त्याने स्वतःच वाचून दाखवलं.

"एक मिनिट अकरा सेकंद पुढे."

मग तो हळूच म्हणाला, "म्हणजे माझ्या भावाला मी मारलं."

बाबा पळाले ते चार पावलंच. दोघांनी त्यांना आडवं पाडलं, पिशवी टराटरा फाडली. आत एक सुरकुतलेला, साधा माणसाचा हात होता आणि त्याच्या तळव्याला पट्टीने बांधलेलं लाउडस्पीकरमधलं गोल चुंबक. कोणाचे डोळे गेले नाहीत. एका लोडरने चुंबक हातात घेतलं आणि रोज त्याच गोष्टीखाली काम करूनही ती ओळखता आली नाही म्हणून स्वतःलाच शिवी घातली.

ताईने वायर जोडली, कॉइलमध्ये कातरवाल्याचं घड्याळ धरलं आणि बटण दाबून ते सावकाश लांब ओढलं. पुन्हा होकायंत्राजवळ नेलं. सुई जेमतेम थरथरली. "पाप धुतलं गेलं," ती कोरडेपणाने म्हणाली.

पण तिचं बोलणं ऐकायला कोणी उरलं नव्हतं. बाबांच्या नाकातून रक्त वाहत होतं, झगा फाटला होता, आणि माणसं त्यांचा डावा हात ओढत कातरीकडे नेत होती. दुपारी ज्याने पहार टाकली तोच सगळ्यांच्या पुढे होता. बाबा आता मंत्र म्हणत नव्हते. मॅनेजरसाहेबांनी बोलावलं, क्रेनवाल्यावरच हात ठेवायला सांगितलं, असं ते किंचाळत होते.

ताईला क्षणभर वाटलं, जाऊ दे. तिचा ओठ ठणकत होता. भावाची बोटं ती नीट बघूही शकत नव्हती. मग ती धावत गेली आणि कातरीचं बटण बंद केलं. पातं अर्ध्यावर थांबलं.

"दुपारी घड्याळ पळालं म्हणून तुम्ही मारलंत," ती म्हणाली. "आता मी सांगितलं म्हणून मारताय. फरक काय पडला? उद्या दुसरं कोणी येईल आणि माझं नाव सांगेल. तुम्ही बाबाला मानता की मला, याच्याशी मला काही देणंघेणं नाही. घड्याळ पळालं तर का पळालं ते बघा. माणूस मेला तर कशाने मेला ते बघा. आधी बघा. हात नंतर उचला, आणि बघून झाल्यावर बहुतेक तो उचलावासा वाटणारच नाही. याला पोलिसांकडे द्या, चुंबकासकट."

बाबांचा हात धरणाऱ्याने तो सोडला नाही, पण ओढायचंही थांबवलं.

कातरवाला जमिनीवर बसलेल्या धाकट्याकडे गेला. त्याच्यासमोर उकिडवा बसला. त्याची स्वतःची मूठ अजून सुजलेली होती, सांध्यांवर धाकट्याच्या दातांच्या खुणा होत्या.

"त्या दिवशी वर केबिनमध्ये काय झालं?" त्याने विचारलं.

नऊ दिवसांत हा प्रश्न धाकट्याला कोणीच विचारला नव्हता.

त्याला बोलता येत नव्हतं. एकेका शब्दाला जबडा धरून ठेवावा लागत होता, लाळेतून रक्त येत होतं. चुंबकाची केबल, तो म्हणाला. वरचं आवरण फाटलंय. करंट मधूनच जातो. नोंदवहीत तीनदा लिहून दिलं. सही आहे मॅनेजरसाहेबांची, तिन्ही वेळा. हे सांगायला त्याला बराच वेळ लागला, आणि सगळे शेवटपर्यंत थांबले.

मग कातरवाला उठला आणि नोंदवही बघायला ऑफिसकडे चालू लागला. दाराशी पोचल्यावर त्याने लाथ उगारली, ती खाली घेतली, आणि कडी वाजवली.