खांडीभोवतीचा बांध

राहनाळच्या खाडीकडच्या जुन्या खारजमिनीत भराव पडून गोदामं उठायची होती. त्याआधी पुराणवस्तूवाल्यांना महिनाभर खोदायला मिळालं. टोपली उचलायला त्यांनी गावातल्या सहा बाया घेतल्या. त्यांतली सगळ्यात वयस्क बायजाबाई. गोदामातलं पॅकिंगचं काम सुटल्यापासून ती घरी बसून कंटाळली होती.

खोदकाम बघणारी धम्मदिना भिवंडीचीच पोरगी. उपग्रहाच्या फोटोत तिला खारीतून गेलेला मातीचा बुटका उंचवटा दिसला होता. सरळ जाता जाता तो एके ठिकाणी अर्धचंद्रासारखा जमिनीकडे वळत होता. तिचे सर म्हणाले, हा बुरूज असणार. वळणाच्या पोटात पंधरा दिवस खोदलं. मऊ गाळाशिवाय काही लागलं नाही.

सोळाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बायजाबाई त्या वळणावरून एक फेरी मारून आली आणि धम्मदिनाशेजारी बसली.

"बाय, ह्यो बुरूज न्हाय. इथं खांड पडली व्हती."

"खांड म्हणजे, मावशी?"

"भरतीनं बांध फोडला का खांड पडते. पानी तिथं डोह करतं. डोहात कितीबी माती टाका, बसत न्हाय. मग डोह सोडून द्यायचा, आतल्या अंगानं वळसा घालायचा नि दोनी टोकं जुन्या बांधाला जोडायची. मी लगीन होऊन आले त्याच साली आमच्या बांधाला खांड पडली व्हती. दोन भरत्यांच्या मधी जेवढं व्हईल तेवढंच काम. बाया टोपली घालायच्या, बापये तुडवायचे."

धम्मदिनाने सरांना हाक मारली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण हे दाखवायचं कसं, आजी?"

बायजाबाईने वळसा सुरू होतो त्या जागेकडे बोट केलं. "तिथं पान्याचा जोर. तिथं तिवराच्या मेखा दाट ठोकलेल्या असतील. खना."

त्या दिवशी काही लागलं नाही. बाकीच्या बाया हसू दाबत होत्या. बायजाबाई मात्र टोपली वाहत राहिली. दुसऱ्या दिवशी छातीभर खोलीवर काळ्या लाकडाची टोकं दिसली. एक, तीन, मग दोन सरळ रांगा. मधल्या चिखलात पेंढ्याचे थर, आणि एका थरावर बांबूच्या विणीचा गोल ठसा.

"हे काय असेल?" धम्मदिनाने विचारलं.

बायजाबाई खड्ड्यात उतरली. बोट न लावता तिने ठशावरून हात फिरवल्यासारखं केलं. "टोपलं टेकलंय. भरलेलं व्हतं, म्हनून एवढं रुतलंय. कुनीतरी दम खाल्ला इथं."

सरांनी वहीत लिहिलेलं 'बुरूज' खोडलं.

लाकूड तपासणीला गेलं. नऊशे वर्षांच्या आसपासचं निघालं. बातमी झाली, तालुक्याहून साहेब आले, अख्खं गाव बांधावर जमलं. सर म्हणाले, "माहिती आजी सांगतील." बायजाबाईने पदर खोचला आणि खांड कशी पडते इथपासून सगळं सांगितलं, एकदाही न अडखळता.

"कुठल्या राजाने बांधला हा?" साहेबांनी विचारलं.

"राजाचं मला ठाव न्हाय," ती म्हणाली. "ज्यांना इथं भात पिकवायचा व्हता त्यांनी बांधला. आमच्यासारख्यांनी."

गर्दीत मागे उभी असलेली म्हातारी माणसं, ज्यांनी तरुणपणी तोच चिखल तुडवला होता, नकळत ताठ झाली.

गोदामांचा नकाशा बदलला. वळशासकट बांधाचा तेवढा पट्टा भरावातून वगळला. अहवालात बायजाबाईचं नाव मजुरांत नव्हतं. 'बांधकामाचा उलगडा' या मथळ्याखाली पहिलं तेच होतं.

पुढच्या थंडीत खाडीच्या पलीकडे आणखी एक उंचवटा सापडला. धम्मदिनाने फावडी पोचायच्या आधी बायजाबाईच्या दारात जीप पाठवली. शेजारणी बघत होत्या. बायजाबाई सावकाश चालत आली आणि पुढच्या सीटवर बसली.