कोरा कोपरा

हॅमंड थर्लबीला दिसेनासं झालं होतं आणि ही गोष्ट त्याने देवाखेरीज कुणाला सांगितली नव्हती. जुनी स्तोत्रं तोंडपाठ होती म्हणून बिंग फुटलं नव्हतं. पण मरियामातेच्या सणासाठी गायकांच्या विमंड मास्तरांनी नवं स्तोत्र रचलं होतं आणि आज त्याची पहिली तालीम होती. वाचता न येणाऱ्या गायकाला चर्चमध्ये कोण ठेवून घेणार? इथून बाहेर पडलं की बहिणीच्या चुलीपाशी बसून राहायचं. गाणं संपलंच.

उंच तिरक्या घडवंचीवर थोरला ग्रंथ उघडला गेला. सगळ्या गायकांत मिळून हे एकच पुस्तक. समोरासमोरच्या दोन पानांवर प्रत्येक आवाजाने गायचे सूर आपापल्या कोपऱ्यात लिहिलेले. मंडळी दाटीवाटीने उभी राहिली. हॅमंडच्या आवाजाची जागा डावीकडे, खाली. त्याने मान पुढे काढली, डोळे बारीक केले आणि समजल्यासारखी मान डोलावली.

"दिसतंय ना नीट?" मास्तरांनी विचारलं.

"न दिसायला काय झालं? सुरांची जरा गर्दीच केलीत, मास्तर. अक्षर मात्र झकास."

मागे उभा असलेला पियर्स खाकरला. हा खर्जात गाणारा, त्याचं आणि हॅमंडचं उभ्या जन्मात पटलं नव्हतं.

"हॅमंड," तो कानाशी म्हणाला, "तुझा कोपरा कोरा आहे रे."

हॅमंड मागे सरकायला लागला, तर पियर्सचा जाडजूड हात खांद्यावर पडला.

"तुमचं मी लिहिलंच नाही," मास्तर म्हणाले. "हिवाळ्यात शेकोटीपाशी विचारलं होतं तुम्हाला, सगळ्यांत लाडकं जुनं गीत कोणतं म्हणून. आठवतं?"

आठवत होतं. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत गायचं ते, आईचं बोट धरून पहिल्यांदा ऐकलेलं. बिअर पिताना सहज निघालेला विषय म्हणून त्याने तो सोडून दिला होता.

"सगळं स्तोत्र त्या गीताभोवती बांधलंय. तुम्ही एकेक सूर लांब धरून ठेवायचा. पियर्सने खांद्यावर थाप दिली की पुढचा. आम्ही बाकीचे तुमच्या अंगाखांद्यावर खेळू."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाताळात ग्रंथ चुकून उलटा ठेवला होता," पियर्स म्हणाला. "आम्ही सगळे अडलो. तू एकटाच खुशाल गात सुटलास."

सगळे हसले. हॅमंडही हसला आणि बाहीने डोळे पुसू लागला. ज्याला त्याने आयुष्यभर बैल म्हणून हिणवलं, त्या पियर्सचाच हात अजून खांद्यावर होता. या माणसांचे उपकार कसे फेडायचे, ते त्याला कळेना. मग त्याने ते गाण्यावरच सोपवलं.

सणाच्या दिवशी मेणबत्त्या लागल्या, ग्रंथ उघडला, सगळे जवळ सरकले. हॅमंडने या वेळी मान पुढे काढली नाही. त्याने सरळ डोळे मिटले आणि पियर्सच्या थापेची वाट पाहत पहिला सूर धरला.