राळ्याच्या दाण्याएवढं भोक

मी मायोर्का बेटावरचा तांब्याचा वाडगा बोलतोय. घटिकापात्राचा जातभाई समजा. तळाला बारीक भोक. रांजणातल्या पाण्यात मला तरंगत सोडायचं. मी भरून बुडालो की एकाची पाळी संपली, पाट दुसऱ्याच्या बागेकडे वळला.

गावचा पाटकरी मैमून. पाळी सुरू होण्याआधी तो सगळ्यांदेखत माझ्या भोकातून राळ्याचा दाणा आरपार काढून दाखवी. त्याहून बारीक नाही, मोठं नाही. इथे सख्खे भाऊ एकमेकांवर विश्वास ठेवत नसत; माझ्यावर ठेवत. बागा भिजल्या की उरलेलं पाणी खाली पाणचक्कीला.

मग समुद्रापलीकडच्या राजाने बेट जिंकलं. अर्धं गाव दोरखंडाने बांधून जहाजांवर नेलं, बागा सरदारांनी वाटून घेतल्या. नव्या मालकाने चक्की वर, झऱ्याच्या तोंडाशी बांधली आणि तिथे चक्कीवाला म्हणून बेरेंगेरला बसवलं. चक्की फिरवून पाणी पाटात न येता थेट ओढ्यात जाई. माणूस मोठा गोड बोलणारा. अशांचे मी आधी हात बघतो.

मागे राहिलेल्यांत विधवा झुहरा होती. तिचीच वांग्यांची बाग आता ती मालकाची कूळ म्हणून कसत होती. पीक बुडालं, तर जमीन दुसऱ्याला जाणार.

एके सकाळी बेरेंगेर पाटावर आला. "मैमूनभाऊ, दाणा गव्हाचा घाला. आता राळा पेरतं कोण?"

गहू अडकला. बेरेंगेरने टोच्या काढून भोक रुंद केलं. मी बुडुककन तळाशी, बागेची पाळी निम्म्यातच संपली!

मैमून म्हणाला, "मग तुमच्या चक्कीची पाळीही यानेच मोजू."

"चक्कीला कसली पाळी? ती मालकाची."

"वा रे वा!" झुहरा म्हणाली. "रोजे आम्ही धरायचे आणि खजूर तुम्ही खायचे!"

त्या उन्हाळ्यात वांगी उभी करपली. बेरेंगेर गरम पाव घेऊन तिच्या दारात हजर. "झुहराकाकी, वांग्यांचा नाद सोडा. गहू पेरा, त्याला पावसाचं पाणी पुरतं. दळायला मी आहेच."

तिने पावाला हात लावला नाही. "आत्ता कळलं. पाणी तोडलंस ते याच्यासाठी."

"पण जमीन तर राहील ना?"

पहिल्या पावसाला तिने गहू पेरला. शेजाऱ्यांनीही पेरला. पाळ्याच उरल्या नाहीत, मग पाटकरी कशाला? मैमूनला घरी बसवलं आणि बेरेंगेरने मला उचलून माझं भोक शिशाने बुजवलं.

आता प्रत्येकाच्या पोत्यातून चक्कीचा वाटा मीच उपसतो. साधं लाकडी माप होतं की त्याच्याकडे. मग मीच का? कारण गाव मला ओळखतं.

आज झुहरा पोतं घेऊन आलीय. मागची बाई तिला म्हणते, "चला, वाडगा तरी आपला आहे, यात खोट नाही."

बेरेंगेर मान डोलावतो. परवा बंद दाराआड त्याने माझा तळ आतून ठोकून ठोकून खोल केला, हे त्याला ठाऊक आणि मला.

झुहराचा हात माझ्या काठावर थबकलाय. बाई, जुन्या ओळखीला भुलू नकोस. मला उलटा करून बघ.