शमाशची करवत

सिप्पारच्या वेशीत बसणाऱ्या पंचांत मी सगळ्यांत धाकटा. म्हणजे मला अजून ऐकू येतं. म्हणून साक्षी मी ऐकायच्या आणि निकाल इतरांनी द्यायचा.

त्या दिवशी निकालाचं काम राजाच्या कायद्याच्या दगडानेच उरकलं होतं. गवंडी इलुशूने बांधलेली भिंत पडली आणि घरमालक नुराटुमचा मुलगा तिच्याखाली सापडून मेला. राजाने काळ्या दगडावर कोरून ठेवलंय, की अशा वेळी गवंड्याचा मुलगा मारावा. इलुशूचा तरणाताठा मुलगा इद्दिन समोर उभा होता. त्याचे हात नुराटुमने स्वतः आवळून बांधले होते.

"भिंत पक्की होती," इलुशू म्हणाला. "मालकांनी पायाशी खणलं असणार."

"वा रे वा! भिंत तुझी आणि चूक माझी? लाज आहे का लेका?"

"मग करवत आणा," इलुशू म्हणाला.

आमच्या सूर्यदेवाची, शमाशची, काशाची करवत देवळात असते. देव तिनेच न्याय कापतो. तिच्यावर हात ठेवून खोटं बोलणाऱ्याचं काय होतं, ते कोणी पाहिलेलं नाही. अजून कोणाची छातीच झालेली नाही.

पुजाऱ्यांनी ती आणली, वरचं कापड काढलं. दात उन्हात पेटले. घोरणारे थोरले पंच उठून उभे राहिले. मी शिकलेला माणूस, पुजाऱ्यांची निम्मी भाकडकथा समजतो. माझे गुडघे मला न विचारता टेकले.

"ठेव हात, बाबा," थोरले नुराटुमला म्हणाले. "खणलं नाही, एवढंच म्हण."

नुराटुमचा हात दातांपर्यंत आला आणि मागे गेला.

"आई गेली हिवाळ्यात," तो म्हणाला. "सगळ्यांसारखी घरातच पुरली. मधोमध पुरायची, पण तिला भिंतीला टेकून निजायची सवय होती हो. म्हणून कडेला खणलं..."

आमच्या सगळ्यांच्याच आया जमिनीखाली निजलेल्या. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापली भिंत आली.

थोरले माझ्या कानाशी वाकले. "म्हणजे भिंत यानेच पाडली. मग याचा मुलगा मारायचा ना?"

"आजोबा, तो मेलाय."

त्यांनी वर सूर्याकडे पाहिलं आणि हळूच खाली बसले. आम्ही वेशीत जमायच्या आधीच निकाल लागून गेला होता.

इद्दिनच्या हातांची गाठ नुराटुमनेच सोडली. बोटं चालत नव्हती, वेळ लागला. इलुशू पाहत राहिला, मग खाकरला.

"मालक, भिंत उद्या उभी करतो. पाया जरा बाहेरून घेतो. आईंना हलवू नका."