एकाच पोटच्या दोघी

त्या शनिवारी लुआपुला नदीच्या काठावर होड्या नेहमीसारख्या लागल्या, बायकांनी मासे चिरले, आणि मी शेजारी मुसोंडाच्या आईकडे मक्याच्या पिठाची न्शिमा घोटायला गेले. दुपारी तिच्या धाकटीला, कलुबाला, बघायला पाहुणे यायचे होते.

मुसोंडा थोरली. लहानपणी पोरांच्या बरोबरीनं पळायची. दहा-अकराव्या वर्षी पडायला लागली, मग भिंत धरून चालली, आणि विसाव्या वर्षी चटईवर बसली ती बसलीच. बसल्या बसल्या जाळी विणायची. कलुबा तेविशीची. ती चालायची, पण बदकासारखी डुलत. बोटं थरथरायची, पेल्यातलं पाणी हिंदकळायचं. जमिनीवरून उठताना आधी हात टेकायचे, मग मांड्यांवर हात रोवत रोवत कसंबसं उभं राहायचं.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं होतं. मीही सोबत होते. "आजार दोघींचा एकच. पाठीच्या कण्यातून स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात. आईबाप धडधाकट असले तरी दोघांकडून मिळून येतो. कुणी विशीत बसतं, कुणी साठीपर्यंत चालतं. सख्ख्या बहिणींतसुद्धा सारखा नसतो." गावात हे कुणी कानावर घेतलं नाही.

मुलींच्या आत्यानं तर मुळीच नाही. "आजार असता तर दोघींना सारखाच झाला नसता का गं? एकाच पोटच्या ना? थोरली बसून बसून धाकटीचे पाय खातेय, सरळ आहे! पाहुण्यांच्या नजरेस ती पडता कामा नये."

"वन्सं, माझी पोर आहे ती," मुसोंडाची आई म्हणाली.

"मग धाकटीलाही जन्मभर घरात ठेव!"

शेवटी मुसोंडाच बोलली, "जाऊ दे गं आई, एका दुपारचा तर प्रश्न." मग मला म्हणाली, "काकू, उचला मला. पण हळू हं, मी काही कसावाचं पोतं नाही!"

अंगणापलीकडे माशांना धुरी द्यायची झोपडी आहे. तिथं आम्ही तिला बसवलं. विणायचा लाकडी सुवा तिनं सोबत मागून घेतला. सकाळची आग मी राखेखाली दाबली होती, विझली असेल असं मला वाटलं. दार मी ओढलं. बाहेरून कडीही मीच घातली, आत्या म्हणाली म्हणून.

कलुबाला आत्यानं पढवून ठेवलं होतं. "गुडघे टेकून पाणी दे आणि पाहुणे जाईपर्यंत तशीच बस. लोक म्हणतील, काय विनय पोरीचा!"

तसंच झालं. कलुबानं हात धुवायला पाणी दिलं आणि मान खाली घालून गुडघ्यांवर बसून राहिली. नवऱ्या मुलाची मावशी खूश झाली. "हल्लीच्या पोरी टेकतात कुठं? टेकल्या तरी उडी मारून उठतात!"

तेवढ्यात टकटक ऐकू आली. लाकडावर लाकूड, बारीक.

"कोंबड्या," आत्या म्हणाली. पाहुणे हसले. मी ताटात न्शिमा वाढत राहिले. मुसोंडाची आई पदराशी चाळा करत राहिली. पुन्हा टकटक झाली, आधीपेक्षा हळू. कलुबानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर भांड्यात घातली.

मग कलुबानं भांडं बाजूला ठेवलं. दोन्ही हात जमिनीला टेकले, कंबर वर घेतली, गुडघा धरला, मांडी धरली. सगळ्यांच्या देखत. नवऱ्या मुलाच्या मावशीचा घास हातातच राहिला. "बस खाली!" आत्या ओरडली. कलुबा उभी राहिली आणि डुलत डुलत झोपडीकडे गेली. थरथरत्या बोटांनी कडी लवकर निघेना. आमच्यातलं कुणीही उठलं नाही.

दार उघडलं तेव्हा आधी धूर बाहेर आला. मुसोंडा दाराशी आडवी पडली होती, हातात सुवा होता. तिला सरपटता येत नव्हतं. जोरानं खोकायचीही ताकद तिच्यात नव्हती. श्वास थांबला होता, अंग अजून गरम होतं.

मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही. त्या संध्याकाळी मी भांडी घासली, एवढंच आठवतं.

पाहुणे परत आले नाहीत. आत्या म्हणाली, "आता बघा, धाकटी धावायला लागेल."

पुढच्या पावसाळ्यात कलुबाच्या हाती काठी आली. आत्या भेटायला आली तेव्हा आम्ही बायका अंगणात मासे पसरत होतो. थोरल्यांपुढे गुडघे टेकायचे, ही आमच्याकडची रीत. कलुबा टेकली नाही. काठीवर रेलून उभी राहिली.

"आत्या, ताई तर गेली. आता माझे पाय कोण खातंय?"

आम्ही बायका मासे पसरत राहिलो.

"मी टेकणार नाही आता," कलुबा म्हणाली. "मला उठवायला तुमच्यातलं कुणी येत नाही, ते मी पाहिलंय."

त्या झोपडीत अजून माशांना धुरी देतात. दाराची कडी मी उपटून नदीत टाकली. पण त्या दुपारी अंगणात आम्ही अकरा माणसं होतो, आणि त्या कोंबड्या नव्हेत हे अकराही जणांना ठाऊक होतं.