मोठीची उशी

धाकटीला दमा लागला आणि धूळ म्हणजे तिच्या आईची जन्माची वैरीण झाली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते सगळं तिने केलं. गालिचा गुंडाळून देऊन टाकला. जाड पडदे उतरवले. कोरडा झाडू मारला की धूळ उडते, म्हणून गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्याने घर पुसायला लागली; पलंगाखाली, कपाटावर, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा. दर आठवड्याला चादरी आणि अभ्रे कडकडीत पाण्यातून काढायची. बोटांची सालं निघाली. कापसाची अस्वलं आणि ससे पोत्यात घालून बाहेर गेले, तेव्हा धाकटी रडली नाही. रडायलाही श्वास लागतो.

"घर आहे की ऑपरेशनची खोली?" नवरा दारातच पाय झटकत म्हणायचा. "आत येऊ का, की मलाही उकळून घेणार आहेस?"

"तुम्हाला उकळून काय उपयोग? तुमचा मळ आतला आहे."

तेवढंच काय ते हसणं त्या घरात उरलं होतं.

एवढं सगळं धुतलं, पण एक वस्तू तिने धुतली नव्हती. झोपायच्या खोलीत पत्र्याची पेटी होती, आणि पेटीत मोठीची उशी. मोठी तापात गेली तेव्हा सहा वर्षांची होती. धाकटीचा तेव्हा पत्ताही नव्हता. मोठीचा आवाज आता आईलाही नीट आठवत नसे. हसताना ती नाक कसं मुरडायची, ते आठवायचं, पण आवाज नाही. उशीला मात्र अजून तिच्या केसांचा वास होता. तेलाचा, घामाचा, थोडा औषधाचा. दुपारी घर रिकामं झालं की आई पेटी उघडायची, उशीत तोंड खुपसून बसायची, मग डोळे पुसून, केस सारखे करून धाकटीला शाळेतून आणायला जायची.

"उश्या, पांघरुणं, सगळं धुता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं.

"सगळं," ती म्हणाली होती. आपण खोटं बोलतोय असं तिच्या मनातही आलं नाही. ती उशी तिच्या लेखी उश्यांत नव्हतीच.

त्या वर्षी धाकटीला दवाखान्यात ठेवावं लागलं. ओठ निळे पडले होते. घरी सोडलं तेव्हा नणंद म्हणाली, "थोडे दिवस माझ्याकडे राहू दे." नणंद नवऱ्याहून मोठी, जिभेची तिखट, आणि कपडे शिवून पोट भरणारी. तिच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे तिकडे कापडाचे तुकडे, दोऱ्यांचे गुंते. पण तिथे पोरगी सुधारली. चिंध्यांच्या ढिगावर बसून बटणं ओवायची, तोंड मिटून, नाकाने श्वास घेत.

आई भेटायला गेली की धाकटी धावत यायची, गळ्यात पडायची. आणि थोड्या वेळाने तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागायची.

एका दुपारी पुन्हा तेच झालं, तेव्हा नणंदेने मशीन थांबवलं.

"आत्ता तर बरी होती."

"ताई, राग मानू नका, पण तुमच्या या चिंध्या..."

"माझ्या चिंध्यांत ती सकाळपासून लोळतेय. शिट्टी तू आल्यावर वाजली. मागच्या वेळीही, त्याच्या मागच्या वेळीही."

धाकटीने दम्याचा पंप तोंडातून काढला. "आई, तुझ्या गळ्यापाशी जुना वास येतो," ती म्हणाली. "तू मला लांबूनच भेटत जा ना."

तिने ते अगदी सहज म्हटलं, आवडीची जागा मागावी तसं. नणंदेने तिला आतल्या खोलीत पाठवलं आणि दार लोटलं.

"अजून उघडतेस ती पेटी?"

"ह्यांनी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? एवढं घर घासतेस आणि पेटीतली धूळ अंगावर घेऊन पोरीला कुशीत घेतेस."

"धुतली तर जाईल हो ती, ताई."

"ती गेलीय, गं." नणंदेचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ही आहे. हिला मी ठेवून घेते, मला जड नाही. पण दोघींना एका कुशीत घेणं आता जमायचं नाही. काय ते तू ठरव."

घरी येऊन तिने मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं. पेटी उघडली, पण या वेळी उशीत तोंड घातलं नाही. घातलं असतं तर पुढचं झालंच नसतं. उशी पाण्यात सोडली आणि काठीने दाबून धरली. वाफेबरोबर वास उसळून वर आला, इतक्या वर्षांत आला नव्हता इतका, जणू मोठी नुकतीच खेळून आली होती आणि तिचं डोकं आईच्या तोंडाशी होतं. मग नुसता साबणाचा वास राहिला.

नवरा कधी आला ते तिला कळलं नाही. कापूस पाणी प्यायल्याने उशी झोपलेल्या पोराएवढी जड झाली होती. एकटीला ती उचलवेना. दोघांनी मिळून काढली. पिळताना दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. वाळल्यावर उशीत गठ्ठे झाले. तिने त्या उशीचा वास घेऊन पाहिला. कशाचाच नव्हता.

मग तिने पेटी पुसली, अंगावरचे कपडे उकळले, केस धुतले, आणि रविवारी नणंदेकडे गेली.

धाकटी चिंध्यांवरून उठली. चेहरा उजळला, पण ती धावत आली नाही. दोन पावलं अलीकडेच थांबली. आईने हात पुढे केले. धाकटी तिथूनच हसली, तोंड घट्ट मिटून, श्वास धरून.